सात अंगठे एकाच बाईचे

आजी, साष्टांग नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण मुद्दाम चारचौघांत वाचलं जाईल असं लिहितोय. तुम्ही दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत जे केलंत, त्याची कागदावर नोंद म्हणाल तर फक्त अंगठ्यांची आहे. त्या अंगठ्यांवर येतोच.

आधी वाचणाऱ्यांसाठी थोडं. आमची शाळा बीड जिल्ह्यातल्या एका वाडीवर, बालाघाटाच्या डोंगरात. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, शिक्षक दोन. इथं जमीन आहे, पाणी नाही. त्यामुळं दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीच्या ठेकेदाराकडून आगाऊ पैसे, घेतलेले कोयते निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघंही ऊस तोडायला निघाल्यावर लेकरं मागं राहणार कुणाच्या भरवशावर? तीही ट्रॅक्टरवर चढतात. तिकडं उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, सात-आठ वर्षांची पोर धाकट्या भावाला सांभाळते. परत येते तेव्हा दुसरं सत्र संपत आलेलं असतं. जाताना आम्ही शिक्षण हमी कार्ड हातात देतो, तिकडच्या शाळेत दाखवायला. बऱ्याचदा ते पत्र्याच्या पेटीतून जसंच्या तसं परत येतं.

तर ती दसऱ्याआधीची पालक सभा. मी भाषण ठोकलं. लेकरं नेऊ नका, सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क आहे, 2009 चा कायदा आहे, वगैरे. आता कबूल करतो, डोक्यात पट होता. पटावर 27, त्यातली 11 जाणारी. उरतात 16. वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढायचं 2023 साली निघालं, तेव्हापासून आम्हा वाडीवस्तीच्या मास्तरांना हा आकडा झोपेतही दिसतो. तुम्ही दाराबाहेर चपलांजवळ बसला होता. तिथूनच म्हणालात, "ते समदं खरंय गुरुजी. पर ठिवायची कुणापाशी, तेवढं बोला."

सभा हसली. माझ्याकडं उत्तर नव्हतं. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दिलेला होता, पण तो कुठल्या टेबलावर अडकलाय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

उत्तर तुम्हीच दिलंत, आणि तेही सभेत नाही. टोळी निघाली त्या रात्री. ट्रॉलीत भांडी, सरपण, पत्रे, वर शेळी बांधलेली आणि शेळीच्या बाजूला दुसरीतली पोर स्वेटर घालून बसलेली. मी हातात हमी कार्डं घेऊन उभा. कुणाचं लक्ष नाही. तुम्ही ट्रॉलीच्या चाकावर पाय दिलात, तिच्या आईला म्हणालात, "दे इकडं. माझ्या दोन भाकरीत तिची अर्धी." पोर खाली आली, तिच्यामागं तिचा भाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या ओसरीवर सात दप्तरं होती. आणखी दोघं चुलत्यांकडं राहिली. दोघं गेलीच, त्यांची रुखरुख आहे.

जानेवारीत सभा घेतली तेव्हा निम्मे पालक फडात. तुम्ही आलात. इतिवृत्ताच्या वहीत तुमच्या नातीच्या नावापुढं अंगठा घेतला आणि वही मिटणार तोच तुम्ही म्हणालात, "बाकीच्या सहांचा?" एकेका नावापुढं शाईत बुडवून अंगठा दाबलात, दर वेळी पदराला पुसून. पुढं भेटीला आलेल्या साहेबांनी ते पान उलटून विचारलं, एकाच बाईचे सात अंगठे कसे? मी कायदा दाखवला. त्यात पालक म्हणजे ज्याच्याकडं लेकराचा सांभाळ आहे ती व्यक्ती, असंच लिहिलंय. साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा वाचलं आणि सही केली. जो कायदा मी सभेत तुमच्या अंगावर फेकला होता, त्यात तुम्ही आधीपासूनच होता. हे माझ्या ध्यानात यायला तुमचे सात अंगठे लागले.

दोन गोष्टींचे आभार मात्र वेगळे मानायचेत. एक मला उशिरा कळली. पहिलीतलं एक लेकरू आई ऊसतोडीला गेल्यापासून रात्री अंथरूण ओलं करायचं. तुम्ही चारला उठून वाकळ धुऊन मागच्या कुडावर टाकायच्या, बाकीची उठायच्या आत. थंडीत वाकळ दोन-दोन दिवस वाळत नसे, म्हणून तुमची स्वतःची त्याला दिलीत. वर्गात कुणी त्याला कधी चिडवलं नाही, कारण कुणाला कळलंच नाही. मी आपला त्याच्या हजेरीवर खूश होतो.

दुसरी, फोनची. रात्री आठला तुमच्या नातवाचा फोन मधल्या उखळावर, स्पीकर चालू. तिकडं कोपीत चूल पेटलेली, आई-बाप नुकते गाडी भरून आलेले. लेकरांनी रडगाणं गायचं नाही, असा तुमचा दंडक. त्या दिवशी शिकलेलं काहीतरी म्हणून दाखवायचं. एका संध्याकाळी मी सहज आलो तर तिसरीतली पोर धडा वाचत होती आणि पलीकडून तिचा बाप म्हणत होता, "पुन्हा वाच, मायला ऐकू आलं नाही." आमच्या पालक भेटींच्या नोंदवहीत या रकान्याला जागा नाही. मी समासात लिहून ठेवलंय.

पैशाचा विषय तुम्ही काढू देत नाही. वाडीतल्या बायांनी आळीपाळीनं पायली-पायली ज्वारी घातली, आमच्या बाईंनी तेल-डाळ पाहिली, शाळेतली दुपारची खिचडी होतीच. तरी तुमची कणगी फेब्रुवारीत तळाला गेली हे मी पाहिलंय. त्यावर बोललो तर तुम्ही विषय बदलून माझ्या वाढलेल्या पोटावर आलात.

यंदा पालक सभेत भाषण नाही. आधी तुमचा प्रश्न विचारणार, ठेवायची कुणापाशी, आणि उत्तर निघेपर्यंत कुणाला उठू देणार नाही. तुम्ही चपलांजवळ बसायचं नाही. खुर्ची नको असेल तर सतरंजीवर, पण पुढं. वसतिगृहाच्या प्रस्तावाच्या मागंही दिवाळीची वाट न बघता जूनमध्येच लागतोय.

हे पत्र तुम्हाला चौथीतली तुमची नात वाचून दाखवील. जोडाक्षराला अडली तर लगेच थांबवू नका. येतं तिला, नुसती घाई करते.

तुमचा,
शाळेतला गुरुजी