हे परीक्षेला येत नाही

प्रिय सुले,

दिवाळीपासून तुला एक ओळ नाही. रागावली असशील, आणि तो राग रास्तच आहे. मी बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे. पण आज लिहिल्याशिवाय झोप यायची नाही, आणि तुझ्याखेरीज हे कुणाला कळणारही नाही.

सोमवारी मी टीवायच्या वर्गाला अमेरिकेचं यादवी युद्ध शिकवत होते. लिंकनची 1 जानेवारी 1863 ची घोषणा फक्त बंडखोर राज्यांपुरती होती, बंडात नसलेल्या केंटकी-डेलावेअरमधले गुलाम डिसेंबर 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीनंतर सुटले, हे सगळं सांगितलं. ओघात म्हणाले, जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केली.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. एरवी हा तोंड उघडत नाही, वहीच्या कव्हरवर पेनाने बैल काढत बसतो. म्हणाला, “मॅडम, 1873 ला त्या सुटलेल्या लोकांना तिथं नीट जगू देत होते का?”

तास संपायला पाच मिनिटं, पोर्शन मागे पडलेला. मी म्हणाले, “हे परीक्षेला येत नाही. बस खाली.”

सुले, तेच वाक्य गं! सर ‘हकलबेरी फिन’ कादंबरी शिकवत असताना तू उठून विचारलं होतंस, मालकिणीच्या मृत्युपत्राने गुलाम जिम सुटला, पण त्याच्या बायकोपोरांचं काय झालं? सरांनी तुला अगदी असंच बसवलं. आणि मी वर तुलाच बोलले, कशाला मध्ये मध्ये विचारतेस म्हणून. चार दिवस अबोला धरलास. पाचव्या दिवशी बोललीस, तेही माझ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी होती म्हणून! पण वर्गात तू परत कधी हात वर केला नाहीस. ते मी दोन वर्षं शेजारी बसून पाहिलंय.

त्याला सांगण्यासारखं केवढं होतं! त्याच 1873 च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कोर्टाच्या इमारतीला वेढा घातला. आतले कृष्णवर्णीय निवडणुकीचा निकाल राखायला बसले होते. इमारत पेटवली, शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. ज्यांच्यावर गुन्हा शाबीत झाला, तेही 1876 मध्ये सुप्रीम कोर्टात सुटले. पुढे सरकारने तिथे पाटी लावली, ती ‘दंगल’ म्हणून. ती निघाली 2021 साली.

मग जोतीराव चुकले का? मला नाही वाटत. अर्पणपत्रिका मी काल परत वाचली. त्यांनी ती सरकारला नाही, देशालाही नाही, गुलाम सोडवायला झटलेल्या माणसांना दिलीय. ‘सदाचारी’ हा शब्द त्यांनी मोजून घातलाय. हे त्या मुलाला मी जागेवर सांगायला हवं होतं.

काल झेरॉक्स काढून वर्गात गेले. तो आला नव्हता. आजही नाही. पोरं म्हणाली, गावी कांदा काढायला गेलाय. तेवढंच कारण असू दे, एवढंच मनात घोकतेय.

तुला तेव्हा सरांनी दुसऱ्या दिवशी बोलावून उत्तर दिलं असतं, तर तू पुन्हा उठली असतीस का? खरं लिही, मला बरं वाटावं म्हणून नको.

आईंचा गुडघा कसा आहे? बदलीचं काय झालं? चिनूला पापा.

उद्या तिसरा तास त्याच वर्गावर आहे. झेरॉक्स पर्समध्येच ठेवलीय.

तुझी,
मंगल