विषय : वितळलेले मोदक पुन्हा गोठवून पोहोचवल्याबद्दल तक्रार आणि भरपाईची मागणी

दिनांक : १ सप्टेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
हवाई माल विभाग

महोदय,

२६ ऑगस्टला संध्याकाळी तुमच्या दुबईतल्या माणसाने आमचे बारा खोके पोचते केले आणि ‘खोके सुस्थितीत मिळाले’ यावर सही घेतली. त्या पावतीचा फोटो तुम्ही मला आतापर्यंत तीनदा पाठवलात. खोके सुस्थितीत होते, वाद नाही. पण मी खोके विकत नाही, मोदक विकते.

डोंबिवलीत माझा उकडीच्या मोदकांचा छोटा उद्योग आहे. मी आणि सात बायका. दुबईतल्या एका मराठी मंडळाने गणेश चतुर्थीसाठी, म्हणजे २७ तारखेसाठी, १,२०० मोदक मागवले होते. उकडून, गार करून, ब्लास्ट फ्रीजरमध्ये गोठवून आम्ही ते थर्माकोलच्या खोक्यांत भरले. खोक्यात शंभर मोदक आणि चार किलो ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. हे चार किलो तुमच्याच ई-मेलमधले. ‘एवढ्यात ३६ तास निभतात, दुबई तर तीन तासांवर आहे,’ असं तुम्ही १८ तारखेला लिहिलंत. वर अरबी लेबलं, धोकादायक मालासाठीचा ९ नंबरचा चौकटी शिक्का, ड्राय आइसचा आंतरराष्ट्रीय क्रमांक यूएन १८४५, निव्वळ वजन, सगळं तुमच्या यादीप्रमाणे. २३ तारखेला, शनिवारी दुपारी चार वाजता तुमच्या रेफ्रिजरेटेड गाडीने माल उचलला. विमान रविवारी पहाटे साडेचारचं होतं.

त्या विमानात माल चढलाच नाही. त्यातली ड्राय आइसची मर्यादा दुसऱ्या कुणाच्या मालाने आधीच भरली होती, असं तुम्ही २८ तारखेला कळवलंत. अशी मर्यादा असते हे मला ठाऊक आहे. ड्राय आइसचा कार्बन डायऑक्साइड होतो, बंद विमानात तो किती चालेल याला हद्द असणारच. पण म्हणूनच तर बुकिंग करतानाच ड्राय आइसचं वजन विचारतात ना? ४८ किलो हा आकडा तुमच्या फॉर्मवर आठवडाभर आधी लिहिलेला होता. बरं, झालं ते झालं. मग रविवारी सकाळी मला एक फोन का नाही केलात? सहार विमानतळाहून माझा फ्रीजर गाडीने दीड-दोन तासांवर. रविवारी रस्ते मोकळे. मी स्वतः टेम्पो घेऊन आले असते, नाहीतर तिथेच ड्राय आइस आणून टाकला असता. माल सोमवारी रात्री साडेदहाच्या विमानाने गेला, हे मला मंगळवारी कळलं आणि तेही मंडळाकडून.

आता मुख्य गोष्ट. सात नंबरच्या खोक्यात, दोन ट्रेच्या मधे, मी एक डेटा लॉगर ठेवला होता. काडेपेटीएवढं यंत्र, दर दहा मिनिटांनी तापमान टिपतं. मंडळाच्या ताईंनी तो संगणकाला जोडून आलेख मला पाठवला. वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत. शनिवारी दुपारी उणे २०. रविवारी दिवसभर उणे १८च्या खाली, म्हणजे बांधणी चोख होती. सोमवारी पहाटे चारपासून रेघ वर चढायला लागते. शनिवारी दुपारी चारपासून मोजा, बरोबर ३६ तास. ड्राय आइसने तुमचा शब्द पाळला, तुम्ही पाळला नाहीत. सोमवारी दुपारी १२.५० ला शून्य. मंगळवारी पहाटे साडेतीनला अधिक ७.४. आणि पावणेचारला रेघ एकदम खाली कोसळते, दुपारपर्यंत उणे १६.

पावणेचार म्हणजे दुबईत सव्वादोन. तुमच्या बिलात ‘ड्राय आइस पुनर्भरण, दुबई’ म्हणून ६,२०० रुपये लावलेत, आणि त्यापुढची वेळ आहे ०२.१५. म्हणजे जवळजवळ पंधरा तास शून्याच्या वर राहिलेल्या मालावर तुम्ही बर्फ ओतलात, तो दगडासारखा केलात आणि ताजा गोठलेला म्हणून हातात दिलात. वरातीमागून घोडं, आणि घोड्याचं भाडंही आमच्याकडूनच.

तुमचे प्रतिनिधी फोनवर म्हणाले, ‘मॅडम, माल तर फ्रोझनच मिळाला ना?’ म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ताईंनी व्हिडिओ कॉलवर ट्रे उचलून दाखवला. मोदकांच्या पाकळ्या बसल्या होत्या, एकमेकांना चिकटून सहा-सहाचे गठ्ठे झाले होते. ट्रेच्या तळाशी सारणातून गळलेला गुळाचा पाक तपकिरी काचेसारखा गोठलेला होता. गोठलेल्या मोदकातून पाक गळत नाही. आधी वितळला, मग गळला, मग गोठला, याला दुसरा क्रमच नाही. एक मोदक त्यांनी उकडून पाहिला, तर पारीला आरपार भेगा. तांदळाच्या उकडीची हीच खोड आहे. शून्याच्या जरा वर, फ्रिजच्या गारव्यात, ती सगळ्यात लवकर टणक होते. फ्रिजमधला शिळा भात आठवा. म्हणून तर आम्ही ब्लास्ट फ्रीजरचं भाडं भरून तो टप्पा झटक्यात ओलांडतो. तुम्ही नेमक्या त्याच टप्प्यात माल तासन् तास ठेवलात. शिवाय आत ओलं खोबरं. वितळून पुन्हा गोठवलेलं ओलं खोबरं मुलाबाळांना कोण खायला घालेल? मंडळाने सगळे मोदक टाकून दिले आणि बाप्पापुढे दुकानातले पेढे ठेवले.

‘नाशवंत मालाची जबाबदारी पाठवणाऱ्याची’ हे तुमचं वाक्य अर्धवट आहे. आंतरराष्ट्रीय हवाई मालाला १९९९चा मॉन्ट्रिअल करार लागू होतो. भारत २००९ पासून त्यात आहे. मालाचा अंगचाच दोष किंवा पाठवणाऱ्याची सदोष बांधणी असेल तर वाहतूकदार सुटतो, खरं आहे. पण इथे बांधणी ३६ तास टिकल्याचा पुरावा आहे आणि ३६ तासांचा आकडा तुमचा आहे. नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत करायची असते. मंडळाने ती २७ तारखेलाच केली आहे, त्यामुळे मुदतीचं कारण पुढे करू नका.

तुम्ही देऊ केलेली भरपाई प्रत्यक्ष वजनावर, म्हणजे ११४ किलोवर आहे. भाडं मात्र खोक्यांच्या आकारमानावरून काढलेल्या १४० किलोचं घेतलंत. ५० बाय ४० बाय ३५ सेंटिमीटरचा खोका, भागिले ६,०००, गुणिले बारा. हा हिशोब मला येतो आणि हवाई मालात तसाच असतो हेही मान्य. तरी पैसे घेताना आमचा माल फुगतो आणि देताना वाळतो, हे नमूद करून ठेवते.

विमा मी काढला नव्हता. ती माझी चूक, ती तुमच्यावर ढकलत नाही.

माझी मागणी अशी : मोदकांची किंमत ४८,००० रुपये, भाडं २९,४०० रुपये आणि पुनर्भरणाचे ६,२०० रुपये, मिळून ८३,६०० रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. रविवार पहाटेपासून सोमवार रात्रीपर्यंत माल कुठे ठेवला होता, तिथलं तापमान किती होतं आणि मला न कळवायचं कुणी ठरवलं, हे लेखी हवं. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असं छापील उत्तर आधीच आलेलं आहे, ते पुन्हा नको. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी व्यावसायिक असल्याने ग्राहक ठरत नाही, असा मुद्दा तुमचे वकील काढतील. स्वयंरोजगारावर पोट भरणाऱ्याला २०१९चा कायदा ग्राहकच मानतो.

एअर वे बिल (हवाई मालाची पावती), तुमचा १८ तारखेचा ई-मेल, बिल, लॉगरचा आलेख आणि ट्रेचे नऊ फोटो सोबत जोडले आहेत. मूळ लॉगर मंडळाकडे आहे. तुमच्या माणसाने येऊन पाहावा, पण तो हातात मिळणार नाही.

कळावे,
आपली ग्राहक
(मोदक उद्योग, डोंबिवली पूर्व)