भिंतीवरचे मेंदूचे झाड

महोदय,

ठाण्यातील रुग्णालयांच्या भिंतींवर झाडाच्या रूपात मेंदू रंगवावा ही सूचना चांगली; जरूर रंगवावा, पण फांद्या मनाला येतील तशा नकोत. लहान मेंदूतील पर्किंजे नावाच्या चेतापेशींच्या दाट फांद्या जवळजवळ एकाच पातळीत पसरतात, म्हणून सपाट भिंतीवर त्या हुबेहूब उतरतात. रंगकाम पावसाळ्यानंतरच करावे. नव्या गिलाव्याला २८ दिवस द्यावेत. ओल असल्यास आधी गळती काढावी. नाहीतर भिंतीतून खार (क्षार) फुटून ॲक्रिलिक रंगाचे पापुद्रे सुटतात. वरून प्लास्टिक पेंट फासणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

अशा चित्रांमुळे रुग्ण लवकर बरे होतात हा दावा मात्र जपून करावा. १९८४चा संशोधक रॉजर उलरिच यांचा गाजलेला अभ्यास चित्रांचा नव्हता. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून खरी झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले, असे त्यात आढळले होते. चित्रासाठी खिडकी बुजवणे म्हणजे उलटाच उद्योग.

– एक वाचक, ठाणे (पश्चिम)