काका-काकूंच्या बोटप्रवासाबद्दल

इंदूर,
रविवार दुपार

प्रिय मंजिरी,

परवा फोनवर तू एका दमात तीन-चार प्रश्न विचारलेस आणि मी ड्यूटीवर होते, म्हणून "सविस्तर लिहिते" एवढंच म्हणाले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, काका-काकूंना बोटीवर ने. पन्नास वर्षं संसार केलाय त्यांनी. काकूंनी समुद्र पाहिलाय तो चौपाटीवरून, साडी भिजू नये म्हणून दोन पावलं मागे उभं राहून. मुंबई-गोवा-लक्षद्वीप हा प्रवास त्यांना नक्की आवडेल. मी जहाजाच्या दवाखान्यात सिस्टर होते तेव्हा स्टेंट घातलेली, इन्सुलिन घेणारी, दोन्ही गुडघे बदललेली माणसं डेकवर मजेत फिरताना रोज पाहिली आहेत. घाबरून बेत मोडू नकोस.

तू पाठवलेला हेलिकॉप्टरचा व्हिडिओ पाहिला. तो नॉर्वेचा आहे, मार्च २०१९ मधला. 'वायकिंग स्काय' नावाच्या बोटीची इंजिनं वादळात बंद पडली होती आणि ४७९ जणांना एकेक करून वर उचलून किनाऱ्यावर नेलं. त्याचा आजारपणाशी संबंध नाही आणि असं क्वचितच घडतं. तुला ज्याचा विचार करायचा आहे ते याहून फार साधं आहे. रात्री जेवून आल्यावर एका माणसाच्या छातीत दुखायला लागतं आणि किनारा लांब असतो, एवढंच.

बोटीवरचा दवाखाना बहुधा अगदी खालच्या मजल्यावर असतो. तिथे बोट कमी हलते आणि बंदरात स्ट्रेचर बाहेर काढायला दार जवळ पडतं. आत ईसीजी असतो, एक्स-रे असतो, शॉक देण्याचं यंत्र, व्हेंटिलेटर, रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या, हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शनसुद्धा असतं. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं घेऊन तीन दिवसांपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर असलाच पाहिजे, असा २००६च्या सागरी कामगार कराराचा नियम आहे. तुमची सफर देशातल्या देशात आहे, तेव्हा डॉक्टर आहे का, सिस्टर किती, रात्री दवाखाना उघडा असतो का, हे एजंटला स्पष्ट विचार आणि उत्तर लेखी माग.

आता काय नसतं ते ऐक. अँजिओप्लास्टी होत नाही. सर्जन नसतो. सीटी स्कॅन सहसा नसतो, त्यामुळे लकवा मारला तर तो गुठळीमुळे की रक्तस्रावामुळे हे तिथे ठरवता येत नाही. रक्तपेढी नसते. पोटात रक्तस्राव झाला तर कर्मचाऱ्यांत आणि प्रवाशांत त्या गटाचं रक्त देणारं कोणी आहे का हे शोधावं लागतं. काका रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या घेतात ना? म्हणून हे तुला मुद्दाम सांगतेय.

थोडक्यात, बोटीवरचा डॉक्टर तुम्हाला काही तास सांभाळतो. पुढचं सगळं अंतरावर. बोट ताशी वीस-बावीस सागरी मैल चालते, म्हणजे चाळीस किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडे टिळक नगरातून रिक्षात घातलं की पेशंट अर्ध्या तासाच्या आत कॅथलॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीच्या, टेबलावर असतो, त्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की मध्ये रस्ताच नसेल तर काय, हे डोक्यात येत नाही. हेलिकॉप्टरही कुठेही पोहोचत नाही. अमेरिकेच्या कोस्ट गार्डचं (तटरक्षक दलाचं) मोठं 'जेहॉक' हेलिकॉप्टर किनाऱ्यापासून तीनशे सागरी मैलांपर्यंत जाऊन माणूस उचलून परत येऊ शकतं. लहान हेलिकॉप्टरचा पल्ला बराच कमी. वाऱ्याने, धुक्याने, अंधाराने तोही घटतो. मुंबई ते गोवा बोट किनाऱ्याच्या तशी जवळून जाते. लक्षद्वीपची बेटं मात्र केरळपासून दोनशे ते साडेचारशे किलोमीटर आत आहेत. तिथल्या रहिवाशांनाही गंभीर आजारात हेलिकॉप्टरने कोचीला हलवावं लागतं.

मंजिरी, माझ्या मनातून न गेलेला एक पेशंट सांगते, म्हणजे मी काकांच्या बाबतीत एवढा आग्रह का धरतेय ते कळेल. नाशिककडचे एक आजोबा होते. मुलगा अमेरिकेत, त्याने आईवडिलांना अलास्काच्या सफरीला आणलं होतं. सकाळी बोट ग्लेशियर बेमध्ये होती, सगळे शाली गुंडाळून कठड्याशी उभे, समोर हिमनदी. आजोबांना तेव्हाच छातीत जड वाटू लागलं होतं. त्यांनी बायकोला सांगितलं, "पित्त झालंय, कालचं चीज बाधलं." इनो घेतलं. दुपारी घाम आला तर हीटर जास्त आहे म्हणाले. मुलाने एवढे पैसे खर्चून आणलंय, त्याची सुट्टी कशाला खराब करायची, हे त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं. रात्री नऊ वाजता ते जेवणाच्या टेबलावरून उठताना कोसळले. स्पीकरवर 'कोड आल्फा', म्हणजे तातडीच्या पेशंटचा इशारा, पुकारला आणि आम्ही स्ट्रेचर घेऊन धावलो. ईसीजीचा कागद बाहेर येताना बघूनच डॉक्टरांचा चेहरा बदलला.

सकाळी त्यांनी सांगितलं असतं तर बोट खाडीच्या आत होती, जुनो शहर जवळ, दिवसाचा उजेड, वारा नाही. रात्री आम्ही अलास्काच्या आखातात उघड्यावर आलो होतो आणि ढग पाण्याला टेकले होते. गुठळीचं इंजेक्शन आम्ही दिलं, पण ते जितकं लवकर पडेल तितकं हृदय वाचतं. सकाळी जो उपयोग झाला असता तो रात्री होत नाही. कॅप्टनने बोट परत किनाऱ्याच्या दिशेला वळवली. डॉक्टर फोनवर कोस्ट गार्डच्या डॉक्टरशी बोलत होते: ब्लडप्रेशर किती, ऑक्सिजन किती लागतोय, पेशंट दोरावर लटकण्याच्या अवस्थेत आहे का. हेलिकॉप्टर मागवायचं की नाही हे एकटा कोणी ठरवत नाही. बोटीचा डॉक्टर, कॅप्टन, किनाऱ्यावरचा डॉक्टर आणि शेवटी उडवणारा पायलट, सगळ्यांचं 'हो' लागतं.

हेलिकॉप्टर अलास्कातल्याच सिटका शहराहून आलं. बहुतेक बोटींवर ते उतरवायला जागा नसते, ते वर घिरट्या घालत थांबतं आणि माणूस दोरीने उचलतात. त्याआधी पुढच्या डेकवरची प्रत्येक खुर्ची, उशी, टॉवेल आत न्यावा लागतो, कारण पंख्याच्या वाऱ्याने उडून ते यंत्रात जाऊ शकतं. त्या बाजूच्या बाल्कन्या रिकाम्या करतात, फ्लॅश मारून फोटो काढायला सक्त मनाई, खलाशी आगीचे पाइप धरून तयार. वरून येणारी तार आधी डेकला टेकू द्यायची, तोवर हात लावायचा नाही. हेलिकॉप्टरच्या अंगावर स्थिर वीज साठलेली असते, ती माणसाला आडवं करते. बोट एकाच दिशेला, ठरलेल्या वेगाने चालू ठेवायची. आजोबांना पाळण्यासारख्या जाळीच्या स्ट्रेचरमध्ये पट्ट्यांनी घट्ट बांधलं, कानात बोळे, डोळ्यांवर गॉगल. माझ्या हातात त्यांच्या औषधांची यादी होती, ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या छातीवरच्या पट्टीखाली खोचली.

आजी मला सारखं विचारत होत्या, "ह्यांच्याबरोबर कोण जाणार?" कोणी जाऊ शकलं नाही. हेलिकॉप्टरमध्ये जागा आणि वजन मोजून असतं, पायलट म्हणाला फक्त पेशंट. ज्या माणसाला इंग्रजीत "चक्कर येतेय" एवढंही नीट सांगता येत नव्हतं तो एकटा वर गेला. मुलगा आणि आजी पुढच्या बंदरात उतरून विमानाने मागे गेले. आजोबांना सिटकाहून सिएटलला हलवलं होतं. ते वाचले, मुलाने नंतर कळवलं. पण हृदयाचा जो भाग त्या दिवसभरात गेला तो गेला, आता जिना चढताना धाप लागते.

आणखी एक गोष्ट तुला माहीत असावी असं वाटतं. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरजवळ समुद्रात 'हरि लीला' नावाच्या टँकरवर एक जण जखमी झाला होता. त्याला आणायला निघालेलं आपल्या तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर समुद्रात पडलं. चौघांपैकी एक जण वाचला, तिघे गेले. हेलिकॉप्टर मागवणं म्हणजे चार-पाच जणांनी आपला जीव पणाला लावणं. ते येतात, न कुरकुरता येतात. पण आपल्या माणसाने दुखणं वेळेवर सांगितलं तर पुष्कळदा त्यांना यावंच लागत नाही. बोट जवळच्या बंदराकडे वळते, किंवा किनाऱ्यावरून छोटी बोट येऊन पेशंटला घेऊन जाते, दिवसाउजेडी, घरचं माणूस सोबत. वेळ गेली की हे सगळे सोपे रस्ते एकेक करून बंद होतात आणि शेवटी तो दोर उरतो.

म्हणून सांगते, काकांशी तूच बोल. गेल्या गुरुवारी मी सुदामा नगरहून येताना त्यांच्याकडे डोकावले. काकूंनी चहा टाकला आणि काकांनी उत्साहाने बोटीचा फॉर्म दाखवला. पूर्वीचे आजार या रकान्यात त्यांच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलंय, "काही नाही". स्टेंट नाही, मधुमेह नाही, गेल्या वर्षी आपण रात्री दवाखान्यात नेलं होतं ते नाही. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, लिहिलं तर चढू देणार नाहीत." मी समजावून पाहिलं, पण त्यांना मी अजून फ्रॉकमधलीच वाटते. त्यांना सांग की स्थिर आजार असलेली माणसं बोटीवर सर्रास जातात, त्यासाठी डॉक्टरचं पत्र लागतं, इतकंच. खरं लिहिलं नाही तर विमा कंपनी नेमक्या त्या आजाराचे पैसे नाकारते. आणि रात्री दोन वाजता समोर आलेल्या अनोळखी डॉक्टरला काकांच्या दोन गोळ्यांविषयी माहिती नसेल तर तो चुकीचं इंजेक्शन देऊ शकतो.

विम्याचं तूच बघ, काकांवर सोडू नकोस. बोटीवरच्या दवाखान्याचं बिल केबिनच्या खात्यात चढतं, ते आधी भरायचं आणि मग विम्याकडे मागायचं. पॉलिसीत समुद्रातून हलवण्याचा खर्च धरलाय का, हे शब्दन् शब्द वाच. तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर वेगळं आणि पुढे शहरापर्यंतची खाजगी एअर अँब्युलन्स वेगळी, दुसरीचं बिल माणसाला कर्जात घालू शकतं.

काकांची औषधं मोठ्या सुटकेसमध्ये अजिबात नकोत. बोटीवर चढताना मोठं सामान आधी जमा करतात आणि ते केबिनमध्ये संध्याकाळी येतं. खांद्याच्या पिशवीत सगळ्या गोळ्या मूळ पाकिटांत, ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभराच्या जास्त, शेवटच्या ईसीजीची प्रत (डॉक्टरला जुना ईसीजी नव्याशेजारी ठेवून बघता आला की अर्धं काम होतं), आधार कार्ड, चष्मा, फोनचा चार्जर आणि थोडे रोख पैसे. हीच पिशवी उशाशी ठेवायची. हलवायची वेळ आली तर दहा मिनिटांत निघावं लागतं आणि बोट कोणासाठी थांबत नाही. काकूंचीही तशीच एक पिशवी कर, कारण काकांना बंदरात उतरवलं तर त्यांनाही उतरावं लागेल.

बोट लागून उलट्या झाल्या आणि खाणं गेलं नाही तर काकांनी मधुमेहाच्या गोळ्या नेहमीसारख्या घेऊ नयेत, साखर एकदम उतरते. दवाखान्यात फोन करून विचारायचं. काकूंना सांग की तिथे फोन करणं म्हणजे कोणाला त्रास देणं नव्हे, आम्ही त्यासाठीच रात्रभर जागे असायचो. छातीत जड, जबडा किंवा डावा हात दुखणं, विनाकारण घाम, बोलताना जीभ अडखळणं, यातलं काहीही झालं तर "बघू सकाळी" नाही. लगेच. काका नाही म्हणाले तरी काकूंनी फोन उचलायचा. हे काकूंना मी स्वतः सांगेन, त्या माझं ऐकतात.

अवंतिका एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी तसेच बोटीवर चढू नका. एक दिवस मुंबईत थांबा, झोप होऊ दे.

औषधांची यादी आणि शेवटचे रिपोर्ट मला फोनवर पाठव. मी एका पानावर इंग्रजीत सगळं टाईप करून चार प्रती काढून ठेवते आणि पुढच्या आठवड्यात काकांच्या डॉक्टरांची सहीही घेऊन येते. तू दिवाळीला येशील तेव्हा तुझ्या हातात देते.

तुझी,
अनघा