आर्किटेक्चरच्या मुलांचा परिचय नीट मागा, आणि आला की नीट वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवीन सत्र सुरू व्हायच्या आधीच हे पत्र पाठवतेय, कारण जे सांगायचंय ते वर्ग भरायच्या आधीच उपयोगाचं आहे, नंतर सांगून काही फायदा नाही. मी आर्किटेक्चरच्या मुलांना वाचन आणि लेखन शिकवते. हा विषय सुरू व्हायच्या आधी मुलांकडून एक छोटा परिचय लिहून मागवायची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणजे तुम्ही कोण, काय वाचता, या कोर्समधून काय हवंय वगैरे. पद्धत चांगलीच आहे. पण होतं काय, की मुलं तो फॉर्म भरल्यासारखा भरतात, शिक्षक वरवर नजर फिरवतात आणि कागद फाइलला लागतो, आणि मग पुढच्या आठवड्यात वर्गात येऊन आपण म्हणतो की चला आता लिहायला शिकूया. अहो, त्यांनी लिहिलंय ना ऑलरेडी! ते कोणी वाचलं?

बहुतेक परिचय एका साच्यातले असतात हे खरं आहे. लहानपणापासून ड्रॉइंगची आवड, बिल्डिंग्ज बघायला आवडतात, मी क्रिएटिव्ह आहे, पॅशनेट आहे, अमुक सॉफ्टवेअर येतं, तमुक शिकतोय, आणि शेवटी हमखास, वाचनाची आवड आहे पण वेळ मिळत नाही. यात मुलांचा दोष मला तरी दिसत नाही. शाळेपासून आजपर्यंत त्यांनी स्वतःबद्दल जे काही लिहिलं ते कुठेतरी सिलेक्ट होण्यासाठीच लिहिलं, अर्ज, इंटरव्ह्यू, पोर्टफोलिओचं पहिलं पान, त्यामुळे स्वतःबद्दल लिही म्हटलं की हात आपोआप तिकडेच वळतो. हल्ली तर काही परिचय मशीनकडून लिहून घेतलेले असतात, अगदी गुळगुळीत, कुठे खड्डा नाही की वळण नाही, आणि ते ओळखूही येतात कारण त्यात एकही जागा नसते. पाच वर्षं जागांचाच अभ्यास करायचाय असं म्हणणारं मूल स्वतःची ओळख करून देतं आणि त्यात एक खोली नाही, खिडकी नाही, जिना नाही, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं.

पण मधेच एखादा कागद वेगळा निघतो. एका मुलीनं लिहिलं होतं की ती राहते त्या इमारतीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या अलीकडची एक पायरी बाकीच्यांपेक्षा जेमतेम बोटभर उंच आहे, तिथले सगळे रहिवासी त्या पायरीवर न बघता पाय जरा जास्त उचलतात आणि नवा माणूस आला की तिथेच ठेचकाळतो, त्यामुळे घरात बसल्या बसल्या आवाजावरून कळतं की येणारा इमारतीतला आहे की बाहेरचा. एवढंच. नाव, शाळा, छंद वगैरे तिनं एका ओळीत उरकलं होतं. आता जिन्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या ठेवायच्या हा बांधकामाचा नियम आहे, तो ही मुलं पुढे शिकतात आणि सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये, काढतात सुद्धा, पण तो नियम का आहे, की दोन-तीन पायऱ्या चढल्या की पाय ती उंची लक्षात ठेवतो आणि पुढच्या पायऱ्या न बघता चढतो, हे त्या मुलीनं कुणी शिकवायच्या आधी स्वतःच्या जिन्यात पकडलं होतं. मी तिला उत्तरात एकच प्रश्न पाठवला, तिथे कठडा कसा आहे गं? तिनं दोन दिवसांनी लिहिलं की ती मुद्दाम जाऊन बघून आली, नेमका त्या पायरीपाशी कठड्याचा रंग पार उडालाय आणि खालचं लाकूड गुळगुळीत झालंय, बाकी कठडा बरा आहे. म्हणजे इतकी वर्षं अडखळणाऱ्या प्रत्येकानं तिथेच हात टाकला. मला विचाराल तर हे तिचं पहिलं डॉक्युमेंटेशन, आणि अजून कोर्स सुरू पण झाला नव्हता.

दुसरा एक मुलगा होता, त्यानं चारच ओळी लिहिल्या. त्यात एक ओळ अशी होती की वाचताना अक्षरं जागेवर राहत नाहीत, प्लॅन मात्र बघितल्या बघितल्या कळतो, म्हणून या विषयाची भीती वाटते. हे त्यानं वर्गात चाळीस पोरांसमोर कधीच सांगितलं नसतं. लिहून मागितलं म्हणून सांगितलं, आणि ते वेळेवर वाचलं गेलं म्हणून त्याला मजकूर आधीच ऐकायला देता आला, मोठ्या टायपात छापून देता आला, लेखी उत्तराआधी तोंडी बोलू देता आलं. तो कागद फाइलला लागला असता तर सत्र संपेपर्यंत त्याला सगळे आळशी म्हणत बसले असते. परिचय वाचायला वेळ कुठे आहे म्हणणाऱ्यांनी याचा जरा विचार करावा ही विनंती आहे.

मुलं म्हणतात, आणि खरं सांगायचं तर काही शिक्षक पण म्हणतात, की मॅडम आम्ही व्हिज्युअल माणसं, आम्हाला शब्दांचं काय. हे कुठून आलं मला कळत नाही, कारण या पेशाच्या इतिहासात तर उलटंच दिसतं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार विट्रुव्हियस, त्यानं वास्तुकाराला काय काय यायला हवं याची यादी दिलीय, त्यात पहिलं आहे लिहिणं-वाचणं आणि मग दुसऱ्या नंबरवर ड्रॉइंग, आणि त्याचं कारणही त्यानं अगदी व्यवहारी दिलंय, की टिपणं ठेवली तर स्मरण पक्कं राहतं. पंधराव्या शतकात अल्बर्टी या इटालियन वास्तुकारानं बांधकामावरचा आख्खा ग्रंथ एकही चित्र न काढता लिहिला. आणि ल कॉर्बुझिए, ज्याच्या बिल्डिंग्जचे प्लॅन आपली मुलं पहिल्या वर्षापासून ट्रेस करतात, त्याचं खरं नाव शार्ल-एदुआर झानरे, कॉर्बुझिए हे नाव त्यानं १९२० मध्ये मासिकातल्या लेखांखाली सही करायला घेतलं. म्हणजे ज्या नावानं जग त्याला ओळखतं ते नाव लेखनातून आलं. पुढे १९३० मध्ये तो फ्रान्सचा नागरिक झाला तेव्हा ओळखपत्रावर व्यवसायाच्या जागी त्यानं वास्तुकार नाही, साहित्यिक असं लिहून घेतलं. त्याच्या सगळ्याच मतांशी आपण सहमत असायला हवं असं नाही, मी तर बऱ्याच बाबतीत नाहीये, पण आपला परिचय काय द्यायचा हे त्यानं विचार करून ठरवलं होतं एवढं नक्की.

मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते माया लिनचं. कारण ती तेव्हा विद्यार्थिनी होती, आपल्या मुलांच्याच वयाची, २१ वर्षांची, येल विद्यापीठात शिकत होती. १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्ध स्मारकाची खुली स्पर्धा झाली, १४०० हून जास्त प्रवेशिका आल्या, आणि परीक्षकांना कुणाचंच नाव दिसत नव्हतं, फक्त नंबर. तिची ड्रॉइंग्ज पेस्टलमधली, पुसट, हिरव्या जमिनीत एक काळा कोन, बास. नुसती ड्रॉइंग्ज बघून कुणाला काय कळणार होतं? सोबत एका पानाचा मजकूर होता, आणि तिनं नंतर सांगितलंय की स्मारकाचं डिझाइन करायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ तिला हा मजकूर लिहायला लागला, परत परत खोडून लिहिला आणि शेवटी ऐनवेळी शीटवर हातानंच उतरवला. त्यात तिनं लिहिलं होतं की माणूस चालत चालत जमिनीत उतरत जाईल, मृतांची नावं वर्णानुक्रमे न लावता मृत्यूच्या क्रमानं लावायची, कोनापाशी सुरू होऊन परत कोनापाशीच संपतील अशी, म्हणजे युद्धाची सुरुवात आणि शेवट एका जागी येतील. आता मला सांगा, नावांचा क्रम कुठल्या एलिव्हेशनमध्ये, म्हणजे समोरून दिसणाऱ्या ड्रॉइंगमध्ये, काढून दाखवणार? पुढच्याच वर्षी ते स्मारक उभं राहिलं, ५७ हजारांहून जास्त नावांसकट, याच क्रमानं.

मुद्दा असा, की परीक्षकांकडे तिचं नाव, कॉलेज, वय, मार्क यातलं काही म्हणजे काही नव्हतं, आणि आपल्या मुलांच्या परिचयात नेमकं तेवढंच असतं. ते सगळं काढून टाकल्यावर कागदावर काय उरतं ते बघायला आपण मुलांना शिकवत नाही.

आपल्याकडचं उदाहरण पण आहेच. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी मुंबईच्या खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवायची कल्पना मांडली ती १९६५ मध्ये मार्ग या नियतकालिकातून, आणि ते शहर वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० मध्ये. शहर पुढे त्यांच्या मनासारखं झालं की नाही तो वेगळा वाद आहे आणि तो व्हायलाच हवा, पण आधी कुणीतरी बसून नीट वाक्यं लिहिली, लोकांना पटतील अशी.

यावर मला नेहमी सांगतात की मॅडम एवढं कोण स्मारक बांधायला जातंय, नोकरीत सॉफ्टवेअर विचारतात. मान्य, सॉफ्टवेअर शिकायलाच हवं. पण नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवसापासून काय करावं लागतं ते पण सांगा ना मुलांना. मीटिंगची मिनिट्स, कॉन्ट्रॅक्टरला पत्र, क्लायंटला ईमेल, स्पेसिफिकेशन, टेंडर, हे सगळं लिहिणंच आहे, आणि ड्रॉइंगमध्ये एक आणि स्पेसिफिकेशनमध्ये दुसरं असलं की भांडण सरळ वकिलाकडे जातं. आणि त्याहून साधी गोष्ट, ड्रॉइंगमध्ये खिडकीची सिल, म्हणजे खालची कड, जमिनीपासून ९०० मिलिमीटर लिहिली की काम झालं, पण त्या खोलीत आजारी माणूस पलंगावर पडून असणार आहे आणि त्या उंचीवरून त्याला फक्त आभाळ दिसेल, रस्ता नाही, झाडाचं खोड नाही, येणारंजाणारं माणूस नाही, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. हे ज्याला एका वाक्यात लिहिता येतं तो सिल खाली घ्यायची की नाही याचा विचार करतो, ज्याला लिहिता येत नाही तो आकडा कॉपी करतो. असं मी खूपदा बघितलंय, ज्युरीत, म्हणजे मुलांचं डिझाइन तपासतात तिथे सुद्धा. कॉम्प्युटरवर काढलेलं सुंदर रेंडर लावलेलं असतं आणि विचारलं की बाबा इथे कोण बसणार आहे, की गप्प.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की परिचय मागतानाच वेगळा मागा. स्वतःबद्दल सांगा असं म्हणू नका, तुम्हाला आतून-बाहेरून माहीत असलेली एक जागा सांगा म्हणा, घर असो, वर्ग असो, बसस्टॉप असो, तिथे कोण कुठे बसतं, उजेड कुठून येतो, काय ऐकू येतं, काय कायम मोडलेलं असतं. सुंदर, भव्य, प्रसन्न असे शब्द वापरायचे नाहीत, हवं तर पावलांनी मोजा. अर्धं पान पुरे. ज्या भाषेत विचार येतो त्या भाषेत लिहू द्या, मराठीत लिहिलं म्हणून कुणाचा परिचय खालच्या दर्जाचा ठरत नाही, इंग्रजीच्या धाकानं कितीतरी मुलं दोन ओळींत गाशा गुंडाळतात. आणि शेवटचं काय वाचलंत विचारताना फक्त पुस्तकाचं नाव मागू नका, एखादी नोटीस, औषधाच्या खोक्यातला कागद, जुनं पत्र, काहीही चालेल, त्यातलं काय लक्षात राहिलं ते महत्त्वाचं, नाहीतर मुलं न वाचलेल्या पुस्तकांची नावं टाकतात. शिक्षकांनी आधी स्वतःचा असा परिचय लिहून वर्गाला द्यावा, म्हणजे मुलांना भीड राहत नाही. आणि प्रत्येकाला उत्तर द्यावं, कौतुक नको, एक प्रश्न फक्त. मोठा वर्ग असला तर एवढं वाचून उत्तरं द्यायला दोन संध्याकाळी जातात, जाऊ द्याव्यात.

कॉलेज चालवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. या विषयाचा तास आठवड्याच्या शेवटी, सबमिशनच्या आदल्या दिवशी टाकू नका, आणि डिझाइनचं काम राहिलंय म्हणून तो तास मागून घेऊ नका. रात्रभर जागून शीट्स काढलेलं मूल दुपारी वाचायला बसलं की डोळे मिटणारच, मग आपणच म्हणायचं की या पिढीला वाचनाची आवड नाही. पालकांनाही सांगणं आहे, मूल टेबलावर टी-स्क्वेअरऐवजी वही घेऊन जिन्याबद्दल काहीतरी लिहीत बसलेलं दिसलं तर हा टाइमपास काय चाललाय असं विचारू नका, तो अभ्यासच चाललेला असतो.

आणि या वर्षी आर्किटेक्चरला आलेल्या मुलांनो, तुमच्यापैकी ज्यांनी परिचय आधीच देऊन टाकलाय त्यांनी शिक्षकांना विचारून दुसरा दिला तरी चालतो. नाही म्हणणारे शिक्षक फारसे नसतात, माझ्या वर्गात तर नक्कीच चालेल.

आपली,
वाचन-लेखन शिकवणारी एक शिक्षिका