सगळंच 'कमी करणे' कसं चालेल?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंग्रजीतून येणाऱ्या बातम्यांचं मराठी वाचताना एक गोष्ट कायम खटकते म्हणून लिहितेय. मिटिगेट, अलीव्हिएट, असवेज, मॉलिफाय, अले, टेम्पर, पॅलिएट ही सगळी क्रियापदं काहीतरी जाचक, कडक, तीव्र असलेलं सौम्य करण्याची आहेत हे खरंय, पण मराठीत येईपर्यंत सगळ्यांचं एकच होऊन जातं, 'कमी करणे'. गरिबी कमी केली, नाराजी कमी केली, शिक्षा कमी केली, वेदना कमी केल्या. नेमकं काय कमी झालं ते वाचणाऱ्याने ओळखायचं.

मी इंग्रजी शिकवते. स्पर्धा परीक्षांच्या गाईडांमध्ये पण हेच असतं, समानार्थी शब्दांची एक लांब रांग आणि पुढे एकच अर्थ, मुलं पाठ करतात आणि मग पेपरात एखादी मुलगी लिहिते, 'डॉक्टर मॉलिफाइड द फीवर'. म्हणजे डॉक्टरांनी तापाची समजूत काढली! तिचा काय दोष, तिला कोणी सांगितलंच नाही की मॉलिफाय रागावलेल्या, दुखावलेल्या माणसाला करतात. अले बहुतेक वेळा भीती आणि शंकांसाठी येतं, असवेज भुकेसाठी, दुःखासाठी, मनाला लागलेल्या टोचणीसाठी. अलीव्हिएटच्या पोटात लॅटिनमधला 'हलका' हा शब्द आहे, दुखणं असतंच पण त्याचा भार उतरतो. आणि आपल्याकडे शब्द नाहीत असं थोडंच आहे, समजूत घालणे, शमवणे, निववणे, दिलासा देणे, फुंकर घालणे, रोज बोलतो की आपण हे!

टेम्परची गोष्ट तर फारच सुंदर आहे. लोहार पातं लालभडक तापवून पाण्यात बुडवतो, त्याने ते टणक होतं पण ठिसूळही होतं, आपटलं की तुकडा पडतो, म्हणून ते परत तापवतात पण बेताने, लाल होऊ न देता, आणि मग थोडा टणकपणा जाऊन चिवटपणा येतो. या दुसऱ्या तापवण्याला टेम्पर करणं म्हणतात. न्यायाला दयेने टेम्पर करावं असं इंग्रजीत म्हणतात तेव्हा न्याय कमी करा असा अर्थ कुठून येणार? त्यात योग्य तेवढी दया मिसळली की तो टिकाऊ होतो, असं म्हणायचं असतं.

आता जिथे चुकीच्या शब्दाने खरंच नुकसान होतं ते सांगते. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास हलका करणारी सेवा. पॅलिएटच्या मुळाशी 'पॅलियम' म्हणजे अंगावर घ्यायचा झगा आहे, त्रासावर पांघरूण घालणं. 1967 साली ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस (अशा रुग्णांची काळजी घेणारं केंद्र) सुरू केलं तिथून या कामाला आजचं रूप येत गेलं. पण बातम्यांमध्ये त्याचं 'अखेरच्या दिवसांतली सेवा' होतं आणि घरचे लोक ते नाव ऐकूनच हबकतात, डॉक्टरांनी हात टेकले असं समजतात. खरं तर मूळ आजारावरचे उपचार चालू असताना सुद्धा ही सेवा घेता येते, दुखणं, धाप, मळमळ, झोप न लागणं या सगळ्यावर उतारा देणं हे तिचं काम. शब्दामुळे कोणी ती घ्यायला उशीर केला तर त्रास पेशंटला होतो हो.

कोर्टाच्या बातम्यांमध्ये 'मिटिगेटिंग' (शिक्षा सौम्य करायला कारण ठरू शकणारी) परिस्थिती म्हटलं की लोकांना वाटतं आरोपी सुटणार. गुन्हा सिद्ध झालेलाच असतो, शिक्षा किती द्यायची हे ठरवताना ती बाजू बघतात. तसंच शिक्षा रेमिट झाली म्हणजे तीच शिक्षा पण मुदत घटली, आणि कम्यूट झाली म्हणजे शिक्षेचा प्रकारच बदलून सौम्य झाला, फाशीची जन्मठेप झाली. दोन्हीला 'शिक्षा कमी' लिहिलं की संपलं!

हवामानाच्या बातम्यांत अजून गोंधळ. तिथे मिटिगेशन म्हणजे कार्बन डायऑक्साइडसारखे वायू कमी सोडणं किंवा जंगलं वाढवून ते शोषून घेणं, म्हणजे कारणावरच घाव. आपत्ती व्यवस्थापनात मात्र तोच शब्द नुकसान कमी व्हावं म्हणून आधीच केलेल्या तयारीला वापरतात, उदा. भूकंप सोसतील अशा इमारती बांधणं. भूकंप काही त्याने थांबत नाही. दोन्हीकडे 'परिणाम कमी करणे' लिहिलं तर वाचकाने काय समजायचं?

अटेन्युएट, म्हणजे जोर घालवणे, हा शब्द पण असाच. क्षयरोगावरची बीसीजी लस 1921 मध्ये पहिल्यांदा माणसाला दिली गेली, त्याआधी काल्मेट आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 13 वर्षं त्या लसीतले जंतू पुन्हा पुन्हा वाढवून त्यांचा जहालपणा घालवला होता. जंतू जिवंतच, फक्त आजार करण्याची ताकद गेलेली. 'जंतू कमी केलेली लस' असं कुठे लिहिलेलं दिसलं की जीव तळमळतो.

तुमच्या डेस्कवरच्या मंडळींना हे जमणार नाही असं अजिबात नाही, 'निर्बंध शिथिल' आणि 'निर्बंध उठवले' यातला फरक तुम्ही न चुकता सांभाळता आणि वाचकही बरोबर ओळखतात. तीच काळजी या शब्दांची पण घ्या, आणि जमलं तर रविवारच्या पुरवणीत एखादा कोपरा द्या जिथे असं एकेक क्रियापद ते कशाला लागतं आणि कशाला नाही हे वाक्यासकट छापता येईल. मुलांना त्याचा फार उपयोग होईल.

आपली,
एक नियमित वाचक