विरहाच्या गाण्यात आधी सोबतीचा शॉट लावायला शिकवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गाण्याचा व्हिडिओ पूर्ण झाला. श्रेयनामावलीत तुमचं नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून ते घातलेलं नाही. पण फोकस पुलरचं, म्हणजे शूटिंगमध्ये फोकस सांभाळायचं, दमवणारं काम सांभाळून, सुट्टीच्या दिवशी तुम्ही जे शिकवलंत ते फक्त आमच्यापाशी राहू नये असं वाटतं. ब्रेकअपचं गाणं करायला घेतलेल्या इतर पोरापोरींनाही ते वाचता यावं म्हणून हे पत्र जाहीर लिहितोय.

सगळ्यात मोठे आभार तुमच्या एका आग्रहाचे. रडण्याचे शॉट यादीत खाली ढकला, आधी दोघं शेजारी बसलेत तो कट्टा नीट लावा, हा तो आग्रह. प्रेक्षकाला दोघांची फ्रेम एकदा पाठ झाली की दुसऱ्या अंतऱ्यात त्याच फ्रेममध्ये एकटा माणूस बसवायचा. शेजारची जागा रिकामी आहे हे मग कुणाला सांगावं लागत नाही. हे जमतं ते फ्रेम तंतोतंत तीच असेल तरच. थोडी जरी हलली तरी बघणाऱ्याला तो नुसता वेगळा शॉट वाटतो आणि सगळं वाया जातं.

त्यासाठी तुम्ही लिहून घेतलेली नोंद इथे जशीच्या तशी देतोय: कट्टा, ५० मिमी लेन्स, एफ ४ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), लेन्सचा मध्य जमिनीपासून १०० सेंमी, लेन्सपासून कट्ट्याच्या कडेपर्यंत ३.२ मीटर, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचं सेटिंग) ५६०० केल्व्हिन, मागचा खांब स्क्रीनवरच्या ग्रिडच्या डाव्या उभ्या रेषेवर. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली खडूची खूण, आणि मॉनिटरचा मोबाइलवर फोटो. आमच्या कॅमेऱ्यातल्या एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर या अंतरावरून साधारण दीड मीटर रुंदी दिसते, म्हणजे दोघं खेटून बसली तर फ्रेम भरते आणि एक उठला तर जवळजवळ अर्धी मोकळी होते. ऑटो व्हाइट बॅलन्स आणि ऑटो एक्स्पोजर बंद हवंच. नाहीतर एकजण उठल्याबरोबर कॅमेरा आपणहून उजेड आणि रंग बदलतो. ट्रायपॉडवर असताना हादरे सावरणारं स्टॅबिलायझेशनही बंद ठेवायचं, कारण स्थिर फ्रेममध्ये ते मध्येच हलका हिसका देतं.

उन्हाची वेळही तीच धरायची. खांबाची सावली कट्ट्यावर कुठे पडते त्याची खूण करून ठेवा हे तुम्ही सांगितलंत, ते घड्याळ बघण्यापेक्षा जास्त कामाला आलं.

दुसरी गोष्ट खांद्याची. पहिल्या अंतऱ्यात प्रत्येक क्लोजअप समोरच्याच्या खांद्यावरून, म्हणजे ओव्हर द शोल्डर. फ्रेमच्या कडेला दुसऱ्याचा खांदा, केस, कानातलं असं काहीतरी धूसर दिसत राहतं. दोघांचं फाटल्यानंतर क्लीन सिंगल: तोच चेहरा, तीच साइज, खांदा गायब. याच टप्प्यावर बघण्याच्या दिशेची मोकळी जागाही काढून घ्यायची. एरवी माणूस उजवीकडे बघत असेल तर उजवीकडे जागा सोडतो. इथे त्याला उजव्या कडेलाच चिकटवायचं आणि सगळी जागा पाठीमागे टाकायची. बघणाऱ्याला गुदमरल्यासारखं होतं. मात्र हे एक-दोन शॉटपुरतंच. गाणंभर केलं तर ती कॅमेरामनची लकब होऊन बसते.

उजेडाबद्दल तुम्ही जे दाखवलंत त्याला खर्च जवळपास शून्य आहे. खिडकीचा उजेड एका बाजूने, खिडकीच्या विरुद्ध बाजूला गालापासून मीटरभरावर पांढरा थर्माकोल: हे आनंदाचे दिवस. नंतर खिडकी, माणूस, एक्स्पोजर काहीच बदलायचं नाही. थर्माकोल काढून त्याच जागी काळी चादर टांगायची. उजळ गाल तसाच राहतो, दुसरा गाल अंधारात जातो. एडिटिंगमध्ये सगळं निळं करून हा परिणाम येत नाही, कारण त्यात अख्खी फ्रेम बदलते आणि इथे फक्त माणूस बदलतो. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी गुरुदत्तच्या १९५९च्या ‘कागज के फूल’ सिनेमासाठी आरशांनी उन्हाचा झोत स्टुडिओत वळवला होता, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्या झोताच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या दोघांमध्ये मोकळी जागा किती सोडली आहे ते बघा, असं म्हणणारे तुम्ही पहिले.

आता पुश-इन. मुखड्याच्या शेवटच्या ओळीवर कॅमेरा चेहऱ्याकडे सरकतो तो शॉट. ६० सेंमीचा स्लायडर (कॅमेरा सरकवायचा छोटा रूळ), सुरुवात चेहऱ्यापासून १.८ मीटरवर, शेवट १.२ मीटरवर, चेहरा दीडपट मोठा होतो. गाण्याची लय ७५ बीपीएम (मिनिटाला ७५ ठोके), म्हणजे एक ठोका ०.८ सेकंदाचा, सोळा ठोके १२.८ सेकंदांचे. स्लायडरवर दर १५ सेंमीला टेप लावायची आणि दर चार ठोक्यांना एक टेप ओलांडायची. ओळ सुरू होण्याआधीच कॅमेरा चालू लागलेला असावा आणि कट येईपर्यंत थांबू नये. मध्ये थांबला की बघणाऱ्याचं लक्ष चेहऱ्यावरून उडून कॅमेऱ्याकडे जातं. झूम वापरला तर चेहरा मोठा होतो, पण मागची भिंतही तेवढीच मोठी होते. जवळ गेल्याचा भास होत नाही.

इथेच फोकस सुटतो. एफ ४ वर १.८ मीटरला साधारण २० सेंमी खोली शार्प मिळते, १.२ मीटरला जेमतेम ९. एफ १.८ ठेवलं तर ४ सेंमी: नाक शार्प, डोळे गेले. म्हणून मागचं अगदी विरघळवायचा मोह सोडून एफ ४ च बरं. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या बऱ्याच लेन्समध्ये रिंग किती वेगाने फिरवली त्यावर फोकस किती सरकेल ते ठरतं, त्यामुळे रिंगवर केलेली खूण दुसऱ्या टेकला जुळतच नाही. तुम्ही दिलेली जुनी मॅन्युअल ५० मिमी आणि अ‍ॅडॅप्टर यांचं मोल तेव्हा कळलं. तिच्यावर पांढरी टेप चिकटवून दर १५ सेंमीची खूण करता येते आणि ती खूण दगा देत नाही.

स्लो मोशनमधल्या लिप-सिंकचं, म्हणजे गाण्याशी ओठ जुळवण्याचं, तर वेगळं पत्र होईल. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ५० फ्रेमने शूट करायचं असेल तर सेटवर गाणं २०० टक्के वेगाने वाजवायचं. पट्टी तशीच ठेवून फक्त वेग वाढवायचा. आवाज चिरका झाला तर गाणाऱ्याला सूर धरता येत नाही. कॅमेरा चुकून ६० वर राहिला तर गाणं २४० टक्के वेगाने वाजवावं लागतं, म्हणून सेटिंग आधी पाल (PAL, २५/५० फ्रेमचं) करून घ्यावं. शटरचा वेग २५ फ्रेमला १/५० सेकंद, ५० ला १/१००. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटचे पट्टे यात येत नाहीत, १/१२५ ला येऊ शकतात. ५० फ्रेमला एक स्टॉप उजेड कमी पडतो, म्हणजे निम्माच मिळतो, त्याची सोय आधी करायची. बरेच कॅमेरे या मोडमध्ये आवाज रेकॉर्ड करत नाहीत, म्हणून टाळी कॅमेऱ्यासमोर दिसेल अशी द्यायची आणि ओळीचा क्रमांक पाटीवर लिहायचा. ओळही बघून निवडायची: लांब स्वरांची. जोडाक्षरं आणि हरकती दुप्पट वेगात म्हणताना जबडा वाकडा होतो आणि स्लो झाल्यावर तो लपत नाही. अख्खं गाणं असं करू नये. एखाद-दोन ओळी पुरतात.

निघून जाण्याचा शॉट मात्र साधाच ठेवायचा. कॅमेरा मागे राहिलेल्याजवळ थांबतो, जाणाऱ्याच्या मागे पॅन करत, म्हणजे वळत, नाही. जाणारी व्यक्ती फ्रेमबाहेर गेल्यावरही निदान पाच सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. ‘कट’ लवकर म्हटलं की एडिटरच्या हातात काहीच उरत नाही, आणि ज्याच्या चेहऱ्यासाठी शॉट लावला तो खरा उतरतो त्याच पाच सेकंदांत. खोट्या अश्रूंसाठीच्या ग्लिसरिनबद्दल तुमचं मत आम्हाला पटलं: या पाच सेकंदांत त्याची गरज पडत नाही.

एडिटिंगच्या वेळी तुम्ही फोनवर दिलेला हिशेबही लिहून ठेवतो. ७५ बीपीएमला २५ फ्रेमवर एक ठोका बरोबर २० फ्रेमचा येतो. पहिल्या अंतऱ्यात दर चार ठोक्यांना, ठोक्यावरच कट. दुसऱ्या अंतऱ्यात शॉट सोळा ठोके धरायचा आणि कट ठोक्यानंतर सहा ते आठ फ्रेम उशिरा. ताल चुकल्यासारखा वाटत नाही, पण माणूस गाण्याच्या मागे पडलाय हे जाणवतं. दहा फ्रेमच्या पुढे गेलं की ती सरळ चूक दिसते.

ड्रोनचा शॉट काढून टाका म्हणालात तेव्हा वर्गात थोडी कुरकुर झाली होती. आमचं गाणं बहुतेकजण मोबाइलवरच बघणार, आणि तिथे वरून घेतलेला माणूस ठिपका होतो. तो काढला हे फार बरं झालं.

लेन्स पुसून, दोन्ही कॅप लावून, सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवली आहे. रविवारी घरी आणून देतो. अ‍ॅडॅप्टरचा स्क्रू किंचित ढिला वाटतोय, तो तुम्ही एकदा बघा. नोंदवहीची झेरॉक्स ज्युनिअर बॅचला दिली आहे. त्यांच्या गाण्याची लय ९२ बीपीएम आहे, त्यात ठोका पूर्ण फ्रेमवर बसत नाही, तेव्हा त्यांचा फोन तुम्हाला येईलच. तेवढा घ्यावा ही विनंती.

तुमचे कृतज्ञ,
मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाची सगळी पोरंपोरी